सात नंबरचा पट्टा

४ नोव्हेंबर २००७, आयडाहो
पोचले एकदाची. पार्सिपनीच्या घरून निघताना बहिणीने, दीपाने, बांधून दिलेली थालीपिठं आज संपली. खिडकीतून पाइनची झाडं, त्यामागे पांढरी शिखरं. वन्यजीव खात्याचं सहा महिन्यांचं काम आहे : गळ्यात रेडिओ-पट्टे असलेल्या अकरा लांडग्यांचा माग ठेवायचा. घरमालक वॉल्ट सत्तरीचे, शिकाऱ्यांचे वाटाडे. त्यांनी शेगडी पेटवून ठेवली होती. मी मनातल्या मनात त्यांना काका करून टाकलं.

९ नोव्हेंबर
रिसीव्हर हाताळायला जमतंय. पट्टा ज्या दिशेला, तिकडे टकटक मोठी; जवळ आला की आणखी मोठी. लांडगा जिवंत असेल तर टकटक सावकाश. काही तास हलला नाही तर दुप्पट वेगाने. आज अकराही सावकाश.

१५ नोव्हेंबर
वॉल्टकाकांनी जेवायला बोलावलं. पूर्वी हंगामात चाळीस शिकारी यायचे, यंदा तीन. लांडग्यांमुळे एल्क हरणं दरीत थांबत नाहीत, म्हणाले. मी सांगितलं, हरणं कमी झाली नाहीत, वर सरकलीत. आकडे तसंच सांगतात. आकड्यांवर बंदूक रोखता येत नाही, एवढंच ते बोलले. मग लांडग्यांची रीत सांगितली. ते सावजाला पळवत नाहीत, फक्त विसावा घेऊ देत नाहीत. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

२१ नोव्हेंबर
तीन पट्टे दुप्पट वेगाने वाजत होते. ओढ्यावर दोन लांडगे सापडले, दोघांनाही गोळी. तिसरी सात नंबरची मादी, सोललेली, पट्टा गायब. लांडगा मारला तर तुरुंग आहे. बर्फात बुटांचे ठसे होते, त्यांचे फोटो काढले. परतल्यावर वॉल्टना सगळं सांगितलं. सोमवारी फोटो ऑफिसात देणार, हेही सांगून बसले. माझ्या गाडीचे ब्रेक बरोबर वाटत नाहीत म्हणत ते गाडी घेऊन गेले.

त्यांच्या दारातले बूट मी नंतर पाहिले.

२३ नोव्हेंबर
बर्फ. फोन बंद. गाडी आलेली नाही.
सात नंबर पुन्हा सावकाश वाजतोय. मेलेली मादी चालत नाही. पट्टा कुणाच्या तरी अंगावर आहे.

२४ नोव्हेंबर, दुपार
पायी हमरस्त्याकडे निघाले, रिसीव्हर घेऊन. टकटक झाडांमधून माझ्या बरोबरीने. मी थांबले की तीही जागची हलेना. वळणावर ती पुढे गेली, माझ्या आणि हमरस्त्याच्या मध्ये. मागे फिरले. पाठलाग केला नाही त्याने. घाई नाहीच त्याला.

२५ नोव्हेंबर, सकाळ
झोप नाही. तीनदा निघाले, तीनदा परत.
दीपा, फोटो कॅमेऱ्यात आहेत, कॅमेरा पिठाच्या डब्यात—

दुपार
टकटक इतकी मोठी की रिसीव्हर बंद केला. तरी पायऱ्यांवर—
हाक मारतोय. गाडी झाली म्हणतो, किल्ली घ्यायला बाहेर ये. गाडीचा आवाज मी ऐकलेला नाही. आवाज प्रेमळ आहे, पहिल्या दिवशी होता तसाच—
कडी हलली. तो आता खिडकीकडे