अफजलच्या कार्डावरचा नंबर

आक्का,

तू ड्युटीवरून येईपर्यंत थांबलो नाय. वैजापूरला चाललोय, अफजलच्या अम्मीकडं. अफजल गेला. आफ्रिकेच्या ट्रेकच्या सरावासाठी पाठीवर वाळूची पिशवी घेऊन सकाळी एकटाच डोंगर चढला अन् कड्यावरून पडला. मी पण जाणार होतो. गजर बंद करून झोपलो.

दवाखान्यातून फोन मलाच आला. ट्रिपसाठी आम्ही चौघा मित्रांनी खिशात ठेवायची कार्डं केली होती. तातडीचा नंबर म्हणून एकमेकांचेच नंबर टाकले, घरच्यांना उगाच घोर नको म्हणून. लई शहाणपणा केला.

तो उचलत नाय म्हणून अम्मीनं मला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी म्हणालो, कंपनीत असेल. फोनवर सांगायची हिंमतच झाली नाय. आता तोंडावर सांगतो.

दूध तापवून ठेवलंय. बापूंना एवढ्यात काही सांगू नको, त्यांना झोप लागायची नाय.

नाय, सांगच.

माझ्या कार्डावर अफजलचा नंबर होता. तो खोडून तुझा लिहिलाय.

शिवम