अकरा ब्लाऊज, माप एकच

टिटवाळा, सोमवार

ती. मृणालवहिनींस,

शालनचा सविनय जय भीम. दादाची शुगर आणि तुमचे गुडघे, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही मध्येच "बरं, ठेवते" म्हणता. पत्राला तसं म्हणता येत नाही.

रस्त्यासाठी विठ्ठलवाडीची आमची चाळ पाडली आणि आम्हाला इथे चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं, हे तुम्हाला माहीतच आहे. (लिफ्ट आहे. चालत नाही, पण आहे.) माझी धुणीभांड्याची पाचही कामं तिकडेच राहिली. मग एका संस्थेने खाली तळमजल्यावर आम्हा बारा बायकांसाठी शिवणवर्ग काढला. परीक्षेत पास झालो तर शाळेच्या गणवेशांचं काम आम्हालाच मिळणार, म्हणजे या वयात पुन्हा दारोदार काम मागत फिरायला नको. त्यामुळे आम्ही भलतंच मन लावून शिकलो. सुरुवातीला मशीनचं चाक उलटं फिरून दर दोन टाक्यांना दोरा तुटायचा, तेही महिनाभरात सुधारलं.

घोळ झाला तो मापात. परीक्षेसाठी प्रत्येकीने स्वतःचा ब्लाऊज बेतायचा होता. शिकवणारी प्रियांका घोडबंदर रोडवरून येते (म्हणजे निघते वेळेवर). त्या दिवशी ती ट्रॅफिकमध्ये अडकली आणि तिने फोनवर सांगितलं, एकमेकींची मापं टेपने घ्या आणि नावासकट फळ्यावर लिहून ठेवा. आता वहिनी, चाळीत आमचं कुणाचंच काही लपलेलं नव्हतं, पण छातीचं माप फळ्यावर म्हणजे अतिच झालं. आमच्यातली भावना म्हणाली, टेप कशाला, जन्मभर शिंप्याला आपण मापाचा ब्लाऊजच देत आलो. पण सगळ्यांचे मापाचे ब्लाऊज अजून चाळीतून आणलेल्या गाठोड्यांत. हाताशी होता तो फक्त वर्गातल्याच सुमतीकाकूंचा, आणि काकू म्हणजे नुसती काडी. तोच ठेवून आपापल्या अंगाप्रमाणे वाढवून कापायचं ठरलं. पण सगळ्यांदेखत पहिल्यांदा वाढवणार कोण? मी भावनाकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि दोघींनी काकूंच्याच मापावर कात्री चालवली. बाकीच्याही काही कमी मानी नाहीत. प्रियांका पोचली तेव्हा बारा ब्लाऊज कापून तयार होते, बाराही अठ्ठावीसचे.

"हे कोणाला होणार?" तिने विचारलं. काकूंनी हात वर केला.

संस्थेचं कापड संपलं, म्हणून तेच शिवले. परीक्षक बाई म्हणतात, तुम्हाला होत नसेल तर वर्गाबाहेरचं गिऱ्हाईक आणा, त्याच्या अंगावर नीट बसला की पास. काकूंचा प्रश्न सुटला, राहिलो आम्ही अकरा जणी. वहिनी, घर पाडलं तेव्हा सामान बांधण्यात मला रडायला सवड मिळाली नव्हती. परवा त्या ब्लाऊजची घडी घालताना मात्र खूप रडू आलं. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालेलं नव्हतं. एकीचीही शिवण वाकडी नाही.

बाकी सर्व क्षेम. ऋजुताला आशीर्वाद.

तुमची नणंद,
शालन

ता.क. तुम्हाला अजून अठ्ठावीसच होतो ना? शनिवारी अकरा वाजता या. फक्त अकरा वेळा घालायचं आणि काढायचं. दर तीन ब्लाऊजला चहा मिळेल. जेवण मात्र परीक्षेनंतर.

ता.क. २. भावनाच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्याच लागल्या आहेत. तो घालाल तेव्हा डावा हात पदराखाली असू द्या.

ता.क. ३. बिल्डिंगला नाव नाही. आधी रिक्षावाल्याला "तोडलेल्या चाळीवाले राहतात तिकडे" असं सांगावं लागायचं. आता "शिवणवाल्या बायकांकडे" म्हटलं की तो थेट दारात सोडतो. आम्ही अजून पास व्हायच्या आहोत हे त्याला ठाऊक नाही, तेव्हा वाटेत काही बोलू नका.