पूनमचं पहिलं बटण

वैराग,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सृष्टीस,
आप्पांचे अ. उ. आ.

पत्र बघून हसशील. तुझा भाऊ अभिमन्यू म्हणतो, आप्पा, फोन करा की. पण जनावरांच्या बाजारात उभा जन्म दलाली केलेला माणूस मी. तोंडचा शब्द माणूस दुसऱ्या दिवशी नाकारतो, कागदावरचा नाकारता येत नाही.

मुद्द्याचं लिहितो. तुझ्या शाळेतून अभिमन्यूच्या मोबाईलवर मेसेज आला. पूनम, आठवी, विज्ञान, पहिल्या उत्तरात फक्त तीस टक्के बरोबर. अगं, ही पोरगी इथं वर्गात पहिली येत होती! विज्ञान शिकवणारी सख्खी आत्या घरात, म्हणून विश्वासानं तिला सोलापूरच्या शुक्रवार पेठेत तुझ्याकडं ठेवली. तिची आई दोन दिवस धड जेवली नाही. मला यात काळंबेरं दिसतं. एक तर ते यंत्र खोटं, नाहीतर पोरगी बिघडली. नाताळाच्या सुट्टीपर्यंत उलगडा झाला नाही तर अभिमन्यूला पाठवून दाखला काढतो आणि तिला घरी आणतो. राग मानू नकोस. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा,
आप्पा

---

सोलापूर,
१ डिसेंबर २०२४

ती. आप्पांस,
सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी राग आला, मग वाटलं, तुमचीच लेक आहे मी. शंका मलाही आलेलीच आहे.

आधी यंत्राचं सांगते. प्रत्येक मुलाकडे चार बटणांचा एक छोटा रिमोट. पडद्यावर प्रश्न येतो, खाली चार उत्तरं. मुलं बटण दाबतात. पडद्यावर फक्त कुठल्या उत्तराला किती मुलं ते दिसतं. कोणी काय दाबलं ते माझ्या एकटीच्या लॅपटॉपवर. मग एका बाकावरच्या दोघांची उत्तरं वेगळी असतील, तर त्यांनी एकमेकांना पटवायचं, आणि सगळ्यांनी पुन्हा बटण दाबायचं. उत्तरं सारखी असतील तर गप्प बसायचं, नाहीतर वर्गाचा बाजार होतो. घरी मेसेज जातो तो पहिल्या बटणाचा.

आता ऐका. पूनमचं पहिलं बटण बहुतेक चुकतं आणि दुसरं दर वेळी बरोबर येतं. घरी तोच प्रश्न विचारला तर भाजी निवडता निवडता उत्तर देते. मी खोदून विचारलं, तर म्हणाली की आत्या, बोट घसरतं. रिमोट बदलून दिला, तरी तेच. तिच्या बाकावर नीलम्मा नावाची मुलगी बसते. अक्कलकोटकडची, घरी कानडी, जूनमध्ये आली. मुलगी हुशार, पण मराठी चुकेल म्हणून तोंड उघडत नाही. पूनम बटण दाबण्याआधी हळूच तिच्या हाताकडं बघते, हे मी दोनदा पाहिलं. कॉपी म्हणावी, तर नीलम्माचं उत्तर बरोबर असतं आणि हिचं चूक! असली उफराटी कॉपी मी बापजन्मी पाहिली नाही. वर्गात पूनमकडं बघायचंसुद्धा आता मला नकोसं होतं. दाखल्याची घाई करू नका, एवढं मागणं आहे. आईच्या गुडघ्याला तेल चोळत जा.

तुमची,
सृष्टी

---

वैराग,
७ डिसेंबर २०२४

चि. सौ. सृष्टीस,
आप्पांचे अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. अगं, हा तर बैलबाजारातला सौदा! तिथं आम्ही रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतो. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. तुझं बटण म्हणजे तो रुमाल. त्याखाली या दोघींचा काय सौदा चाललाय, देव जाणे. ती नीलम्मा हिच्याकडून काही उकळते का बघ. मुकी माणसं लई बेरकी असतात.

रुमाल काढायची युक्ती एकच. बोटं धरलेली असतानाच चारचौघांत भाव तोंडानं बोलायला लावायचा. घरी विचारू नकोस, घरी पोरं गोष्टी रचतात. भर वर्गात, बटण दाबल्या दाबल्या उभी कर. कच खाऊ नकोस. नाताळापर्यंत थांबायचा धीर आता मला नाही, मी दहा तारखेनंतर अभिमन्यूला दाखल्याचं सांगणार आहे.

आप्पा

---

सोलापूर,
१२ डिसेंबर २०२४

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या युक्तीप्रमाणे केलं. केलं नसतं तर बरं झालं असतं.

प्रश्न होता, सकाळी वर्गातली लोखंडी पट्टी आणि लाकडी फळी यांतलं जास्त थंड काय. पूनमनं दाबलं, लोखंड. मी तिला उभं केलं आणि उत्तर तोंडानं विचारलं. माझ्याकडं बघून तिला खोटं बोलता येईना. म्हणाली की दोन्ही सारख्याच थंड, रात्रभर एकाच खोलीत आहेत. मग मी सगळ्यांसमोर तिचं बटण वाचून दाखवलं आणि विचारलं, हे काय मग? तिसऱ्यांदा विचारल्यावर ती रडत म्हणाली, की उत्तरं वेगळी आली तरच नीलम्मा बोलते, मला समजावून सांगताना भरभर बोलते, म्हणून तिचं बरोबर असलं की मी चुकीचं दाबते.

आप्पा, घरची बोलणी, तुमचा दाखला, सगळं त्या पोरीनं मुकाट सोसलं होतं. नीलम्माचा चेहरा तर बघवेना. वर्गात कोणीतरी फिसकन हसलं.

आणि नीलम्मा उभी राहिली. कोणी उठवलं नव्हतं. मला म्हणाली, की मॅडम, तुमी हिला बाहेर नेऊन विचारायचं होतं की, सगळ्यांसमोर कशाला रडवायचं? मग पूनमकडं वळून म्हणाली, की मी मुकी न्हाय, मला सरळ बोल म्हणली असतीस तर बोलली असते, असं फसवून कशाला? मला वाटलं आता खाली बसेल. तर म्हणाली की हिनं उत्तर अर्धंच सांगितलं हाय. सारखंच थंड हाय, तर हाताला लोखंड जास्त गार का लागतंय? लोखंड हातातली ऊब पटकन ओढून घेतंय, लाकूड सावकाश घेतंय, म्हणून. मराठी दोन-तीनदा अडखळली, पण थांबली नाही.

शरमेनं माझी मान खाली गेली होती, आणि तरी आप्पा, इतका आनंद मला या नोकरीत कधी झाला नव्हता. दोघींची मी माफी मागितली, वर्गातच. नीलम्मा पूनमशी अजून बोलत नाही, पण बाक बदलू का विचारलं तर नको म्हणाली. आता दाखल्याचं तुम्ही काय ते ठरवा. मी विनवणी करायच्या लायकीची राहिले नाही.

सृष्टी

---

वैराग,
१७ डिसेंबर २०२४

चि. सौ. सृष्टीस आणि चि. पूनमला,
आप्पांचे अ. उ. आ.

अभिमन्यू दाखल्याला निघाला होता. त्याला एसटी स्टँडवरून माघारी आणला. पूनम तिथंच शिकेल. तिच्या आईला पत्र वाचून दाखवलं, ती रडली आणि मग जेवली.

सृष्टी, डाव माझा होता आणि बोलणी तू खाल्लीस. हे काही खरं नाही. सुट्टीत नीलम्माच्या घरच्यांना विचारून तिला पूनमबरोबर इकडं घेऊन ये. तिला मी बेरकी म्हणालो होतो हे तिला सांग, काही झाकू नकोस. तिला जे बोलायचं ते तिनं आमच्या अंगणात, चारचौघांसमोर मला बोलावं. मी खाली बघून ऐकून घेईन.

लोभ तुम्हा तिघींचा हवा,
आप्पा