तुझ्या ढिगावर माझं नाव

प्रिय गंगा,

यंदाही पाऊस नाही. विहिरीत गाळ उघडा पडलाय, जनावरं विकायला लोक कड्याच्या बाजाराला निघालेत. आमची दूध संस्था तेवढी कशीबशी चाललीय. मला तिथं संचालक केलंय, हे तुझ्या कानावर आलंच असेल.

बहात्तर सालचं दुष्काळी काम हल्ली सारखं आठवतं. तुझा एक पाय पोलिओनं गेलेला. पण खडी बसूनच फोडायची, तिला पाय कशाला लागतात? तरी मुकादम आपल्या अण्णांना म्हणाला, "सायेब आले तर मी काय सांगू? हिला घरीच ठिवा." मग अण्णांनी तोड काढली. हजेरीवर नाव माझं एकटीचं. तू बाभळीमागं बसून फोडायचीस आणि तुझी घमेली मी माझ्या ढिगावर ओतायची. साहेबांची जीप दिसली की अण्णा तुझ्यावर पोतं टाकायचे. एकदा अख्खी दुपार तू त्या पोत्याखाली राहिलीस. काढलं तेव्हा ओठ फुटले होते, हातातला हातोडा सुटत नव्हता.

उमा एकटी दोघींचं काम उपसते, ही गोष्ट आष्टीपर्यंत गेली आणि त्यावरच माझं स्थळ आलं. लग्नात तुला आतल्या खोलीत बसवलं, अक्षता तिथूनच टाक म्हणाले. मी मान वर केली नाही. या घरात अजून माझ्या कष्टांचं कौतुक होतं, त्याच नावावर संस्थेतही घेतलं. अर्धी खडी तुझी होती, हे मी ह्यांनासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

दूध मोजायच्या जागेसाठी तू भिवराला माझ्या नावे चिठ्ठी देऊन पाठवलंस. तुझ्यासारखीच कुबडीवर चालणारी, तूच शिकवलेली. बैठकीत तिचा अर्ज निघाला तेव्हा चेअरमन विठ्ठलराव म्हणाले, "पहाटं पहाटं असलं तोंड दिसलं तर लोक दूध घालायचे न्हाईत." कुणी हसलंसुद्धा नाही, इतकं ते सगळ्यांना पटलं. अर्ज ज्यांना नामंजूर असेल त्यांनी हात वर करा म्हणाले. तुझी चिठ्ठी माझ्या पदराच्या गाठीत होती, गंगा, आणि मी हात वर केला.

भिवरा दाराबाहेर बसली होती. तिला बोलणं ऐकू गेलं, हात दिसले नाहीत. जाताना माझ्या पाया पडली. "अक्का, तुमी एकट्या काय करणार व्हता," म्हणाली. सध्या ती मामाकडे आहे, रविवारी तुझ्याकडे येईल आणि तुलाही हेच सांगेल. तिच्या तोंडून माझं चांगलं ऐकायच्या आधी तुला खरं कळावं, म्हणून हे लिहिलं.

म्हणवून घ्यायला तोंड नाही, तरी तुझीच,
उमाअक्का