तक्त्संग चढणाऱ्यांसाठी सूचना

४ ऑक्टोबर, पारो, भूतान
सात वर्षं सहल कंपनीच्या ऑफिसात टपाल बघत बसलो, माझी किंमत कुणाला कळली नाही. आज कळली. रिनझिन मॅडम म्हणाल्या, पेंजोर, बुधवारी एक पाहुणी तक्त्संगच्या मठात न्यायचीय. नीट पार पाडलंत तर मुख्य गाइडची जागा तुमची. मिळाल्यातच जमा. लगेच पाहुण्यांसाठी पुस्तिका लिहायला घेतली. सूचना पहिली : चढाआधी चार दिवस रोज चाला.

५ ऑक्टोबर
चालणं उद्यापासून. आज गावात तिरंदाजीचा सामना होता. माणसानं गावाला धरून असावं.

६ ऑक्टोबर
घो, म्हणजे आमचा गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, नेसून पाहिला. पट्टा पुरेना. आटला असणार. बायको, सेल्देन, म्हणाली, पट्टा तेवढाच आहे हो, मधला डोंगर वाढलाय. तिला डोंगरातलं काही कळत नाही.
सराव केला. घरचा जिना. एकदा.

७ ऑक्टोबर
पाहुणी आली. हॉलंडच्या येल्टेबाई, पोस्टातून निवृत्त, वय त्र्याहत्तर, अंगानं काडी. फार काळजी वाटली. म्हटलं, अर्ध्या वाटेपर्यंत घोडा मिळतो. त्यांनी विचारलं, तुमच्यासाठी का? परदेशी विनोद.

८ ऑक्टोबर, सकाळी ८
निघालो.

८.४०
थांबलो. बाईंसाठी. बाई उभ्याच. सफरचंद खातायत.

९.१५
घोडा केला. पुस्तिकेसाठी पाहणी नको का? घोडेवाला म्हणाला, काका, उतरताना घोडा मिळत नाही बरं का. सूचना दुसरी : हे आधी विचारावं.

११.००
अर्ध्या वाटेवरचं चहाचं हॉटेल. समोर कड्यावर मठ. बाईंना समजावलं, इथून पुढे एकट्यानं जाण्यातच खरा आनंद. तेवढ्यात आमच्या ऑफिसातली जांगमो तिचे पाहुणे घेऊन आली. बाई तिच्याबरोबर गेल्या. मी जागा धरून बसलो.

२.३०
बाई परतल्या. मठात माझ्या गुडघ्यांसाठी तुपाचा दिवा लावून आल्या.

संध्याकाळ
उतरलो. माझी पिशवी बाईंच्या पाठीवर, माझा हात त्यांच्या खांद्यावर. वर येणाऱ्या एका कुटुंबानं वाट विचारली ती त्यांनाच. त्यांनी बरोबर सांगितली.

१० ऑक्टोबर
मॅडमनी बोलावलं. मुख्य गाइड जांगमो. तुम्ही आपलं टपाल बघा, म्हणाल्या. मी म्हटलं, मी तेच सुचवणार होतो.
बाईंचं विमान सकाळीच गेलं. त्यांची चालायची काठी माझ्या टेबलावर. खाली चिठ्ठी : तुम्हाला जास्त लागेल.
परत पाठवणार होतो. पत्ता ठाऊक नाही. म्हणजे फाइलमध्ये आहे, पण फाइल वरच्या मजल्यावर.
संध्याकाळी काठी घेऊन मिरच्या आणायला गेलो. मागच्या गल्लीनं. बरी आहे काठी.