थोरल्या कंपनीची फौज आणि आमचं फसलेलं कापड

आंधळगाव, जि. भंडारा
संक्रांतीनंतरचा गुरुवार

तीर्थस्वरूप शोभाताईस,

धाकट्या बाबूलालचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा डावा गुडघा दुखतो की उजवा, हे मी दर वेळी विसरतो, म्हणून दोन्ही बरे असावेत असं धरून चालतो. दादाजी भाऊजींनाही नमस्कार सांग. कोंढ्याला धानाचं चुरणं आटोपलं असेल. (मळणी आटोपली नसेल तर हे पत्र ती आटोपल्यावर वाच, कारण ते लांबणार आहे.) आता फोन असताना बाबू पत्र काहून लिहून राहिला, असं तू विचारशील. फोनवर तू पहिल्या वाक्यालाच "हो, ठेवते" म्हणतेस, ताई. पत्र असं ठेवता येत नाही.

विषय माझ्या पोराचा, भूषणचा आहे. चिखल्याच्या खाणीवर ट्रकवाल्याच्या हापिसात बरी नोकरी होती, ती सोडून तो घरी आला हे तुला माहीत आहेच. पण तो करतो काय, हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. कोणी विचारलं तर मी "कारखाना टाकला" म्हणत असे. ताई, तो शिपाई ओततो. बोटाच्या दोन पेरांएवढे, कथलाचे. रबराच्या साच्यात ओतायचे, घासायचे, मग सूनबाई तृप्ती बारीक कुंचल्याने त्यांना रंगवते, अगदी मिशीसकट. हे खेळणं लहान पोरांचं नाही. चांगली कमावती, दाढीवाली माणसं टेबलाच्या दोन बाजूंना आपापली फौज मांडतात, टेपाने मोजून ती पुढे सरकवतात आणि फासे टाकून कोण मेलं ते ठरवतात. मेलेल्याला डब्यात ठेवतात आणि पुढच्या रविवारी तो परत जिवंत होतो. (आपल्याकडे अशी सोय असती तर बरं झालं असतं.)

या धंद्यात बाहेरदेशची एक फार मोठी कंपनी आहे. आम्ही घरात तिला थोरली म्हणतो. शिपाई तिचे, रंग तिचे, नियमांचं पुस्तक तिचं, आणि दर दोन-तीन वर्षांनी ते पुस्तक बदलण्याचा हक्कही तिचाच. तिच्या सावलीत देशोदेशी भूषणसारखे चिल्लर कंपनीवाले आहेत. कोणी गॅरेजात ओततो, कोणी आईच्या स्वयंपाकघरात. ते एकमेकांना धीर देत असतात. पोलंडातल्या एकाने तर भूषणला साच्याचं रबर फुकट पाठवलं. पाकिटावर आंधळगावचं स्पेलिंग असं होतं की पोस्टमनने ते तीन गावं फिरवून आणलं.

थोरलीचे शिपाई आकाशातले, लोखंडी चिलखतांचे, खांद्यावर तोफा घेतलेले. आपल्या भूषणने काढली आपल्याच अंबागड किल्ल्याची फौज. भालेकरी, बैलगाडीवाले, घोंगडी पांघरलेले पहारेकरी. ते त्याच्या आईच्या, रुखमिणीच्या, स्वयंपाकघरात वाळत असत. एकदा व्याही आले होते, त्यांनी चहात साखर ढवळली तर चमच्याला घोडेस्वार लागला. त्यांनी तो पुसून बशीत ठेवला आणि चहा संपवला. पण तेव्हापासून ते आले की बिनसाखरेचा घेतात.

मी सुरुवातीलाच बोललो होतो. "बाहुल्या ओतून संसार चालते का?" तो म्हणाला, "बाबा, मी पैसे नाही मागून राहिलो. मागाच्या खोलीतला एक कोपरा द्या." कोपरा दिला. बोलणं मात्र बंद केलं. तुला खोटं वाटेल, पण त्याच्या शेजारी बसून मी रुखमिणीला स्वयंपाकघरातून हाक मारत असे, "त्याले सांग, पंखा कमी कर." ती तिथूनच म्हणे, "भूषण, तुह्या बाबाले थंडी वाजून राहिली." आणि तो पंखा कमी करी. असं आमचं चाललं होतं. माझा हातमाग तर आधीच थांबला होता. व्यापारी येईनासे झाले होते आणि मागाचं लाकूड विकत घ्यायला मोहाडीचा एक माणूस संक्रांतीला येणार होता. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

नागपूरच्या एका खेळण्यांच्या दुकानात भूषणच्या शिपायांना एक फळी मिळाली होती. दिवाळीनंतर थोरलीचा माणूस तिथं आला आणि त्याने दुकानदाराला काचेची नवी कपाटं फुकट बसवून दिली. अट एकच, कपाटात दुसऱ्या कोणाचा माल नको. दुकानदार भला माणूस. त्याने भूषणला फोन करून रडवेल्या आवाजात सांगितलं की पेटी घेऊन जा. तीही नेमकी कोणत्या दिवशी, तर दुकानात थोरलीचा सामना होता त्या दिवशी, ज्यात फक्त थोरलीचेच शिपाई उतरवायचे असतात.

रुखमिणी मला म्हणाली, "पोरगा एकटा जाऊन राहिला. तुम्ही संग जा." मी म्हटलं, मी कायले. तिने माझी टोपी खुंटीवरून काढून हातात दिली. दुकानदाराला द्यायला तिने लिंबाच्या लोणच्याची बरणीही बांधून दिली. (ज्याने पोराला काढलं त्यालाच लोणचं. तुझ्या भावजयीचं गणित मला आजवर कळलेलं नाही.)

पेटी घेतली. परतीची बस धरायला म्हणून दुकानाचा जिना उतरलो तर पेटीतून तेल गळायला लागलेलं. हात मोकळे राहावेत म्हणून बरणी पेटीत ठेवली होती, ती द्यायची आम्ही दोघंही विसरलो आणि ती तिथंच आडवी झाली होती. अंबागडची सगळी फौज लोणच्यात. भूषण जिन्याखालच्या ओट्यावर मटकन बसला. ताई, नोकरी सोडली तेव्हा, फळी गेली तेव्हा, मी त्याचा चेहरा असा पाहिला नव्हता. तो हसायला लागला आणि मग ते हसणं राहिलं नाही.

मी काय करणार? मला बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. पेटीत सगळ्यात वर, झाकणाखाली, तृप्तीने एक जुनं ठाण घडी करून घातलं होतं. माझ्याच मागावरचं, शेवटचं. सूत रंगवताना बिघडलेलं, हिरव्यात तपकिरी उतरलेलं, मध्येच निळसर डाग, व्यापाऱ्याने तोंडावर परत केलेलं. तेवढ्याला तेल लागलं नव्हतं. ते मी ओट्यावर पसरलं, धोतराचा सोगा काढला आणि एकेक शिपाई पुसून त्यावर उभा करायला लागलो. थोड्या वेळाने भूषणही रुमाल घेऊन पुसायला लागला. आम्ही बोललो नाही, पण रुखमिणी तिथं नव्हती, तरी चाललं.

वरून सामनावाले चहाला उतरले. एक दाढीवाला इंजिनियर थबकला. वाकून पाहिलं आणि म्हणाला, "हे मैदान कुठून आणलं?" मला वाटलं, ओट्याबद्दल विचारतो. तो कापडाबद्दल विचारत होता. हिरवं ते त्याला शेत दिसत होतं, तपकिरी ती टेकडी, निळा डाग तो तलाव. भूषणने पापणीही न लववता सांगितलं, "आंधळगावचं आहे. हातमागावरचं. बाबांचं काम."

बाबांचं काम. ताई, व्यापाऱ्याने जे ठाण फेकलं, त्याबद्दल.

दोघंतिघं तिथंच खेळायला बसले. थोरलीचे लोखंडी दैत्य आणि आमचे भालेकरी, माझ्या बिघडलेल्या ठाणावर. (भालेकरी हरले. पण तलावापाशी बराच वेळ टिकले.) इंजिनियरने विचारलं, "असं अजून मिळेल?" भूषणने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "होऊन जाईल."

तेव्हापासून माग चालू आहे. मोहाडीच्या माणसाला मी दारातूनच परत पाठवलं. थोरली होती तिथंच आहे, कपाटंही तिचीच आहेत, फक्त तिच्या फौजा आता आमच्या कापडावर लढतात, आणि दर कापडाबरोबर भूषण चार भालेकरी घालून देतो, काही जण ते आवडले म्हणून आणखी मागवतात. चैन नाही, पण घर चालतं. कठीण एवढंच की जन्मभर डाग पडू नये म्हणून जीव टाकला, आता ते मुद्दाम पाडायचे आहेत. हात ऐकत नाही. भूषण मागापाशी उभा राहून म्हणतो, "बाबा, इथं जरासं अजून बिघडवा."

सगळ्यांना आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा,
बाबूलाल

ता. क. : खरं काम राहिलंच. भूषणला एकदा फोन कर आणि सांग की शिपाई फार चांगले होतात. त्या घोंगडीवाल्या पहारेकऱ्याला झोप आवरत नाहीये, हे इतक्याशा कथलात कसं आणलं, हे मुद्दाम विचार. तुझं म्हणून सांग. माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. दुसरा : रुखमिणीला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला सगळं ठाऊक आहे, पण कळू देऊ नकोस.

ता. क. तिसरा : कोंढ्याचा पिनकोड मला आठवत नाही. पाकिटावरचा पत्ता भूषण लिहून देणार आहे. पत्र उघडंच त्याच्या टेबलावर ठेवतो आहे. तेव्हा तू फोन नाही केलास तरी चालेल.