चर्चची भिंत पांढरीच आहे

आदरणीय थोर्वालदादा,

तुला आणि मागरेटवहिनीला आन्करचा नमस्कार. देवाच्या कृपेने मी बरा आहे, म्हणजे गुडघा सोडून. तुझी तब्येत कशी आहे, हे नेहमीचं वाक्य लिहायला या वेळी हात धजत नाही. कारण पुढे येईल. मेंढ्या, छप्पर आणि पाद्रीसाहेब सगळे धडधाकट असतील अशी आशा करतो (क्रमाबद्दल माफ कर).

इथे ऑर्हुसच्या प्रयोगशाळेत मी तीन आठवड्यांचं काम मातीत घातलं. तू मागे विचारलं होतंस की कत्तलखान्यातून बर्फात घालून आणलेल्या डुकरांच्या मूत्रपिंडांचं तुम्ही लोक करता तरी काय. आम्ही त्यातून एक पंप वेगळा काढतो. तो प्रत्येक पेशीच्या आवरणात असतो, आणि त्याचं दार एका वेळी एकाच बाजूला उघडतं. आतल्या बाजूला उघडलं की सोडियमचे तीन कण त्यात बसतात आणि बाहेर सोडले जातात. मग बाहेरच्या बाजूला उघडलेल्या दारात पोटॅशियमचे दोन कण बसतात आणि आत येतात. जन्मभर हेच, रविवारीसुद्धा. (मला त्यात देवाचा हात दिसतो. आमच्या मुख्य डॉक्टर रिग्मोरबाईंना नुसता पंप दिसतो. आमचं त्यावरून भांडण नाही.) आफ्रिकेत बाणांना लावतात त्यातलं एक विष या बाहेरच्या तोंडात जाऊन अडकतं आणि पंप जागच्या जागी थांबतो. किती विष अडकलं ते मोजायचं, एवढंच काम होतं. पण तीन आठवडे विष काही अडकेना. बाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "आन्कर, विष घातलंत, की नुसती प्रार्थना केलीत?"

मी खरं ते सांगितलं, की दोन्ही.

मग त्यांनी एकेक बाटली तपासली आणि माझी चूक सापडली. शेवटचं धुणं मी आधीच्या कामातून उरलेल्या मोठ्या बाटलीतल्या द्रावणाने करत होतो. आईने आपल्याला उरलेलं फेकायला कधी शिकवलंच नाही (उकडलेल्या बटाट्यांचं पाणीसुद्धा ती दुसऱ्या दिवशी सारात घालायची, आठवतं ना). त्या बाटलीत पोटॅशियम होतं. ते आधीच पंपात जाऊन बसलं होतं, त्यामुळे विषाला शिरायला वाव राहिला नाही. मी शरमेने बादली पुसत होतो. बाईंना वाटलं असेल की याच्याशी जरा दुसरं काहीतरी बोलावं, म्हणून म्हणाल्या, "याच्या उलटही होतं बरं का. पोटॅशियम कमी पडलं की विष घट्ट बसतं. घरात कुणी हृदयाच्या गोळ्या घेत असेल तर ध्यानात ठेवा, त्या गोळ्या म्हणजे या विषाची सख्खी बहीण."

"माझा थोरला भाऊ घेतो," मी म्हणालो. (त्या जांभळ्या घंटाफुलांपासून होणाऱ्या तुझ्या गोळ्या. आई परसातल्या त्या झाडाला आपल्याला हात लावू देत नसे.)

"लघवीची गोळीही असेल?"

"आहे."

"दारू, तंबाखू?"

"छे हो! आम्ही मिशनची माणसं. दारू नाही, पत्ते नाहीत, नाच नाही. तंबाखू त्याने वीस वर्षांपूर्वी सोडली. आता फक्त ज्येष्ठमधाच्या काळ्या वड्या."

बाईंनी चष्मा काढला. "किती?"

"महिन्याला दोन किलो. मीच पाठवतो."

त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं. ज्येष्ठमध फार झालं की शरीरातलं पोटॅशियम लघवीवाटे जातं. तुझी लघवीची गोळीही तेच करते. मग हृदयातल्या पंपांची राखण करायला कोणी उरत नाही, आणि जी गोळी थोडीशी अडकून हृदयाला जोर द्यायची, तीच घट्ट बसून विष होते. आधी अन्न नकोसं होतं, मळमळतं, मग माणसाला सगळं पिवळं दिसायला लागतं.

दादा, वहिनीच्या गेल्या पत्रावर मी पोट धरून हसलो होतो. तू चर्चच्या समितीत उभं राहून रंगाऱ्याला चोर म्हणालास, पांढऱ्या चुन्याचे पैसे घेऊन भिंत पिवळी केली म्हणालास, आणि सगळी समिती बाहेर जाऊन भिंत बघून गप्प परत आली. त्याच पत्रात खाली लिहिलं होतं की नाताळपासून तू ताटावरून अर्ध्यात उठतोस. ते मी हसता हसता वाचलं. सगळी व्यसनं सोडलेल्या भावाला मी दर महिन्याला दोरीने नीट बांधून काय पाठवत होतो, ते देवाला दिसत होतं. मला दिसलं नाही.

तुझा,
आन्कर

ता.क. रंगाऱ्याची माफी माग. पण ते नंतर.

ता.क. २. आधी रक्तातलं पोटॅशियम तपासून घे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची गोळी घेऊ नकोस. तुला न विचारता मी आज चारची वेळ घेऊन ठेवली आहे. ओरडायचं असेल तर तिथे त्यांच्यासमोर ओरड.

ता.क. ३. टपालावर विसंबलो नाही. सकाळच्या गाडीने मीच पत्र घेऊन आलो आहे. पण तुझ्यासमोर उभा राहिलो की मला वाऱ्यापावसाशिवाय काही बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून हे पत्र तुझ्या हातात देऊन मी अंगणात जाऊन थांबलो आहे. वाचून झालं की कोट घालून बाहेर ये. माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल.